नव्या प्रकल्पात फ्लॅट घेताना पार्किंग कसं तपासायचं: बुकिंगआधीपासून सोसायटीच्या पहिल्या सभेपर्यंत

पार्किंगची चौकशी सगळेच करतात, पण बहुतेक जण उलट्या क्रमाने. आधी फ्लॅट पसंत पडतो, मग टोकन दिलं जातं आणि करारनाम्याच्या दिवशी कुणीतरी विचारतं, "पार्किंग कुठलं मिळणार?" तोपर्यंत पैसे अडकलेले असतात आणि घासाघीस करायची ताकद संपलेली असते. दुसरी चूक त्याहून मोठी. आपल्याला किती गाड्या लागतील हे आपण गृहीत धरतो. खरं तर तो आकडा प्रकल्प कुठे उभा आहे यावर ठरतो.

म्हणून खालचा क्रम बदलू नका. एका टप्प्यातलं उत्तर पुढच्या टप्प्यात लागतं. नियम महाराष्ट्रातले आहेत. मुंबई महापालिकेच्या हद्दीत विकास नियंत्रण आणि प्रोत्साहन नियमावली २०३४ चालते. राज्याच्या बहुतेक उरलेल्या भागात २०२० पासून एकात्मिक नियमावली लागू आहे, तिला सगळे यूडीसीपीआर म्हणतात. आपला प्रकल्प कुठल्या नियमावलीत येतो हे पहिल्याच भेटीत विचारून घ्या.

तयारी

सोबत पाच मीटरची टेप हवी. आपल्या गाडीची लांबी, रुंदी आणि उंची लिहून ठेवा; ती गाडीच्या पुस्तिकेत मिळते. पुढे मोठी गाडी घ्यायचा विचार असेल तर तिचीही मापं लिहा. प्रकल्पाचा महारेरा (राज्याचं स्थावर संपदा नियामक प्राधिकरण) नोंदणी क्रमांक जाहिरातीवर असतो, तो टिपून ठेवा. आणि कामाच्या दिवसाची एक सकाळ मोकळी काढा. रविवारी साइट पाहून काहीही कळत नाही.

टप्पा १: आधी फेऱ्या मोजा, मग गाड्या

घरातल्या प्रत्येकाच्या आठवड्याभराच्या फेऱ्या कागदावर मांडा. कोण, कुठे, किती वाजता जातो आणि परत कधी येतो. नोकरी, शाळा, क्लास, दवाखाना, मंडई, आई-वडिलांचं घर, सगळं लिहा. शेजारी दोन रकाने करा: आजच्या घरातून कसे जातो आणि नव्या घरातून कसे जाणार. दुसऱ्या रकान्यात एकाच वेळी दोन ठिकाणी "गाडी" आली, तर नव्या घराला दोन गाड्या लागणार. आज एकीवर भागतंय म्हणून तिथेही भागेल असं धरू नका.

आता तो दुसरा रकाना खरा आहे का ते पाहायचं. कामाच्या दिवशी सकाळी आठच्या सुमाराला साइटवर जा, आणि स्वतःची गाडी घेऊन जाऊ नका. बिल्डरने पाठवलेल्या कॅबमध्येही बसू नका. बस, लोकल, मेट्रो किंवा शेअर रिक्षाने पोहोचा, कारण तुम्हाला रोज तसंच जावं लागणार आहे. पुण्यात वाघोली, मोशी, उंड्री, म्हाळुंगे इथे किंवा ठाण्याच्या घोडबंदर रोडवर फ्लॅट पाहत असाल तर ही एक सकाळ माहितीपत्रकाच्या पन्नास पानांपेक्षा जास्त सांगेल.

तिथे पोहोचल्यावर पाहायच्या गोष्टी:

- प्रकल्पाच्या गेटपासून थांब्यापर्यंत चालत किती मिनिटं लागतात? नकाशावरचं सरळ रेषेतलं अंतर उपयोगाचं नाही. मधे नाला असेल, लष्कराची जागा असेल, दुसऱ्या सोसायटीचं बंद गेट असेल.
- वाटेत फुटपाथ सलग आहे का? महामार्ग ओलांडायला सिग्नल किंवा पादचारी पूल आहे का? घरातल्या ज्येष्ठ माणसाला किंवा सातवीतल्या मुलीला तुम्ही त्या रस्त्याने एकटं पाठवाल का?
- बसचा मार्ग आहे एवढ्यावर समाधान मानू नका. थांब्यावर उभं राहून दोन बसमधलं अंतर घड्याळात पाहा. शेवटची बस किती वाजता, ते कंडक्टरला विचारा.
- दूध, भाजी, औषधाचं दुकान चालण्याच्या अंतरावर आहे का? नसेल तर कोथिंबिरीच्या जुडीसाठीही किल्ली शोधावी लागेल.

शक्य असेल तर एकदा रात्री नऊनंतर जा. दिवे आहेत का आणि रिक्षा मिळते का, हे तेव्हाच समजतं.

सावध: प्रस्तावित मेट्रो आणि प्रस्तावित डीपी रस्ता (शहराच्या विकास आराखड्यात दाखवलेला रस्ता) या हिशेबात धरू नका. ज्या स्थानकात आज तिकीट काढून गाडीत बसता येतं तेच स्थानक. पुण्यात वनाझ ते रामवाडी आणि पिंपरी-चिंचवड ते स्वारगेट या मार्गांवर गाड्या धावतात, ते मोजा. डीपी रस्त्याची नकाशावरची रेघ भूसंपादन झाल्याशिवाय रस्ता होत नाही, आणि त्याला किती वर्षं लागतील हे सेल्स ऑफिसातलं कुणीही सांगू शकत नाही.

फेऱ्यांच्या हिशेबातून दुसरी गाडी लागणारच असं निघालं, तर तिचा खर्च घराच्या किमतीत मिळवा: हप्ता, विमा, इंधन, देखभाल आणि दुसऱ्या पार्किंगची रक्कम. मग थांब्याजवळचा थोडा लहान फ्लॅट त्याच्याशी ताडून पाहा. माझं मत स्पष्ट आहे. एक खोली कमी चालेल, पण बसथांबा किंवा स्थानक चालत गाठता येईल असं घर घ्या. तो थांबा बिल्डर नंतर आणून देत नाही. आणि घरातल्या प्रत्येक कामाला गाडी लागत असेल, तर गाडी न चालवणारी माणसं, म्हणजे मुलं आणि म्हातारी, दुसऱ्याच्या वेळेवर अवलंबून राहतात.

टप्पा २: मंजूर नकाशा वाचा

साइट ऑफिसातला रंगीत नकाशा बाजूला ठेवा. महारेराच्या संकेतस्थळावर नोंदणी क्रमांक टाकून प्रकल्पाचं पान उघडा आणि मंजूर नकाशे उतरवून घ्या. तिथे अपुरे असतील तर बिल्डरकडे मागा. रेरा कायद्याच्या (स्थावर संपदा नियमन कायदा, २०१६) कलम १९ नुसार मंजूर नकाशांची माहिती मिळणं हा खरेदीदाराचा हक्क आहे.

नकाशावर पार्किंगचा एक तक्ता असतो: किती गाड्यांची जागा आवश्यक, किती दिली, दुचाकी किती, पाहुण्यांसाठी किती. हे आकडे लिहून घ्या आणि एकूण सदनिकांच्या संख्येशी ताडा.

"नियमानुसार पार्किंग आहे" या उत्तरावर थांबू नका. नियमानुसार म्हणजे घरटी एक, असं नाही. मुंबईच्या नियमावलीत ४५ चौ.मी.पर्यंत चटई क्षेत्राच्या (कार्पेट एरिया) चार सदनिकांमागे एक जागा पुरते. ४५ ते ६० चौ.मी.ला दोन सदनिकांमागे एक, ६० ते ९० ला प्रत्येकी एक आणि ९० च्या वर प्रत्येकी दोन. म्हणजे ४० चौ.मी.च्या १२० सदनिकांची इमारत, पाहुण्यांच्या जागा सोडून, ३० गाड्यांच्या जागेत नियमात बसते. स्थानकाजवळ हे ठीक चालतं. स्थानक दूर असेल आणि बस तासाला एक असेल, तर उरलेल्या गाड्या गेटबाहेर रस्त्यावरच उभ्या राहणार. टप्पा १ आधी का करायचा, ते इथे कळेल.

तक्त्यात आणखी तीन गोष्टी शोधा.

पहिली गोष्ट टप्प्यांची. मोठ्या प्रकल्पात प्रत्येक विंगची महारेरा नोंदणी वेगळी असू शकते आणि पार्किंगचा पोडियम (इमारतींच्या पायथ्याचे पार्किंगचे मजले) मात्र सगळ्यांना मिळून एकच असतो. तुमच्या विंगचा ताबा आधी आणि पोडियम नंतर, असं झालं तर मधल्या काळात गाड्या कुठे लावायच्या, हे लेखी विचारा. ही अडचण फार लोकांना येते आणि ताबा घेईपर्यंत कुणाच्या लक्षात येत नाही.

दुसरी गोष्ट दुकानांची. तळमजल्यावर दुकानं असतील तर त्यांच्या ग्राहकांची जागा वेगळी दाखवली आहे का? नसेल तर पाहुण्यांची जागा त्यांच्याकडे जाईल.

तिसरी दुचाकींची. आपल्याकडे बहुतेक घरांत कारच्या आधी स्कूटर असते. यूडीसीपीआरमध्ये दुचाकीसाठी १ मी. × २ मी. जागा धरली आहे. नकाशात ती ओळीने आखलेली आहे, की कोपऱ्यात कुठेतरी आकडा पुरा केला आहे, ते पाहा. सायकलींचं स्टँड असेल तर उत्तम.

टप्पा ३: टेप काढा

यूडीसीपीआरप्रमाणे एका कारची जागा २.५ मी. × ५ मी. असते. मुंबईत मोठ्या गाडीला २.५ मी. × ५.५ मी., आणि काही जागा २.३ मी. × ४.५ मी. अशा लहान गाडीच्याही असतात. आपल्याला कोणती मिळणार?

उदाहरण घ्या. स्विफ्टची रुंदी सुमारे १.७४ मी. आहे. २.५ मीटरच्या जागेत दोन्ही बाजू मिळून पाऊण मीटर उरतो, दार उघडून बाहेर पडता येतं. स्कॉर्पिओ-एन सुमारे १.९२ मी. रुंद आहे. तिच्या दोन्ही बाजूंना मिळून जेमतेम ५८ सें.मी. राहतात. एका बाजूला भिंत आणि दुसऱ्या बाजूला कॉलम असेल, तर अंगाने जाड माणसाला उतरताच येणार नाही. २.३ मीटरच्या जागेत ती गाडी घालायचा विचारही करू नका.

मापताना नेहमी होणारी चूक म्हणजे रंगवलेल्या पट्ट्यांमधलं अंतर घेणं. मापायचं आहे ते दोन कॉलमच्या कडांमधलं मोकळं अंतर. गिलावा आणि कॉलमचे रक्षक पट्टे धरून ते घ्या. दोन कॉलममध्ये तीन गाड्या दाखवल्या असतील तर त्या अंतराला तीनने भागा.

उंची स्लॅबखाली मोजू नका, बीमखाली मोजा. बीमखालून ड्रेनेजचा किंवा अग्निशमनाचा पाइप जात असेल तर त्याच्याखाली मोजा. इमारत अजून उभी नसेल तर ही उंची नकाशाच्या छेदात मिळते, ती आर्किटेक्टकडून लिहून घ्या.

पुढे रॅम्प. वरून येणारी आणि खालून जाणारी गाडी एकमेकींना ओलांडू शकतात का? वळणावर एका दमात वळता येतं का? बेसमेंट असेल तर रॅम्पच्या तोंडाशी पाणी अडवणारी आडवी जाळीची गटार आणि खाली पंप आहेत का? शक्य असल्यास त्याच बिल्डरच्या जुन्या प्रकल्पात जुलैमध्ये चक्कर मारा आणि वॉचमनला विचारा, पाणी कुठपर्यंत येतं.

*एकामागे एक पार्किंग.* यात मागची गाडी काढायला पुढची हलवावी लागते. एकाच घरच्या दोन गाड्यांना हे चालतं. दोन वेगळ्या घरांना अशी जागा दिली, तर रोज सकाळी फोन आणि वर्षभरात भांडण ठरलेलं. तसा नंबर घेऊ नका, किंमत कमी असली तरीही.

*मेकॅनिकल पार्किंग.* यात यंत्राने गाड्या एकमेकींच्या वर ठेवल्या जातात. दोन मजली स्टॅक असो, पझल असो की टॉवर, चार प्रश्न लेखी विचारा. तुमच्या जागेवर किती उंचीची आणि किती वजनाची गाडी चालते? काही यंत्रांत सेडानपुरतीच उंची असते, आणि इलेक्ट्रिक गाडी बॅटरीमुळे जड असते. वीज गेली तर यंत्र जनरेटरवर चालतं का? सकाळच्या गर्दीत एक गाडी बाहेर यायला किती वेळ लागतो आणि ओळीत किती गाड्या असतात? चौथा प्रश्न लोक विसरतात: देखभालीचा वार्षिक करार सोसायटीला किती रुपयांत पडणार? ते पैसे मेंटेनन्समधून जातात, गाडी नसलेल्यांच्याही. चालू असलेलं यंत्र जिथे असेल तिथे जाऊन सकाळी नऊला एकदा पाहाच.

तपासा: इथवर आल्यावर तुमच्याकडे गाड्यांची संख्या, सदनिकांमागे जागांचं प्रमाण आणि निदान एका नेमक्या जागेची मापं असली पाहिजेत. यातलं काही नसेल तर पैशांची बोलणी सुरू करू नका.

टप्पा ४: काय विकता येतं आणि काय नाही

उघडी जागा विकता येत नाही. रेरा कायद्याच्या कलम २(एन) मध्ये उघडं पार्किंग सामाईक क्षेत्रात धरलं आहे. महारेराने ३० जुलै २०२१ च्या परिपत्रकातही स्पष्ट केलं की उघड्या पार्किंगसाठी बिल्डरला मोबदला घेता येत नाही. गॅरेज आणि झाकलेलं पार्किंग मात्र करारनाम्यात नोंदवून मोबदला घेऊन देता येतं. गॅरेज म्हणजे छप्पर आणि तीन बाजूंना भिंती असलेली जागा. झाकलेल्या पार्किंगमध्ये मंजूर नकाशातली बेसमेंट, स्टिल्ट (इमारतीखालची खांबांमधली जागा), पोडियम आणि मेकॅनिकल जागा येतात.

बरेच जण सर्वोच्च न्यायालयाच्या २०१० च्या नहालचंद लालूचंद विरुद्ध पांचाली सोसायटी या निकालाचा दाखला देतात. त्यात स्टिल्टची जागा वेगळी विकता येत नाही असं ठरलं होतं. तो निकाल १९६३ च्या मोफा, म्हणजे रेराआधीच्या महाराष्ट्र सदनिका मालकी कायद्याखालचा आहे. जुन्या इमारतींच्या वादात तो महत्त्वाचा. रेराखाली नोंदलेल्या नव्या प्रकल्पात वरचे नियम पाहा, नाहीतर बोलणी चुकीच्या मुद्द्यावर अडतील.

गाडी नसेल तर पार्किंग नको म्हणा आणि किंमत तेवढी कमी करून मागा. त्यासाठी फ्लॅट आणि पार्किंग यांची रक्कम वेगवेगळी लिहून घ्या. "पार्किंग फ्री" असं सांगतात तेव्हा ती रक्कम फ्लॅटच्या दरात मिसळलेली असते.

टप्पा ५: नंबर कागदावर आल्याशिवाय पैसे नाहीत

महारेराने एप्रिल २०२४ मध्ये पार्किंगच्या तपशिलाचं जोडपत्र वाटपपत्राला आणि करारनाम्याला बंधनकारक केलं. त्यात जागेचा क्रमांक, लांबी, रुंदी, उंची आणि इमारतीतलं नेमकं ठिकाण हवं. टप्पा ३ मधली तुमची मापं या जोडपत्राशी जुळवा. कुठलाही रकाना रिकामा ठेवून सही करू नका, आणि पार्किंगच्या मजल्याच्या नकाशावर आपली जागा रंगवून, त्यावर दोघांच्या सह्या घेऊन तो करारनाम्याला जोडा.

करारनामा नोंदवण्याआधी बिल्डरला एकूण किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही, हे रेराचं कलम १३ सांगतं. म्हणून नंबर मिळवायची बोलणी या १० टक्क्यांच्या आत असतानाच करा.

करारनाम्यात नेहमी दिसणाऱ्या अडचणी:

- "पार्किंगचं वाटप ताब्याच्या वेळी करण्यात येईल." नंबर आत्ता घाला.
- "बिल्डरला पार्किंगची जागा बदलण्याचा अधिकार राहील." हे वाक्य खोडून घ्या, किंवा तुमच्या लेखी संमतीची अट घाला.
- नकाशे बदलायला आधीच सरसकट संमती देणारं कलम. रेराच्या कलम १४ नुसार इमारतीचे मंजूर नकाशे किंवा सामाईक क्षेत्र बदलायला दोन तृतीयांश खरेदीदारांची लेखी संमती लागते. ती आगाऊ देऊन टाकू नका.
- पार्किंगची रक्कम रोख, वेगळ्या चिठ्ठीवर. अजिबात देऊ नका. करारनाम्यात नसलेल्या रकमेला पुरावा नाही आणि बँक तिच्यावर कर्जही देत नाही.

इलेक्ट्रिक गाडीचा विचार असेल तर तुमच्या जागेपर्यंत केबल टाकायची सोय आणि मीटरला जागा आहे का, हेही याच वेळी लिहून घ्या. राज्याच्या २०२१ च्या विद्युत वाहन धोरणात नव्या निवासी इमारतींतल्या किमान २० टक्के जागा चार्जिंगसाठी सज्ज ठेवायला सांगितलं होतं. तुमची जागा त्यात आहे का?

टप्पा ६: ताब्याच्या दिवशी गाडी घेऊन जा

आता मात्र स्वतःच्या गाडीनेच जा. आपल्या नंबरावर ती लावा, दोन्ही दारं उघडा, डिकी उघडा, बाहेर काढा. मापं पुन्हा घ्या. जमिनीवर रंगवलेला नंबर आणि करारनाम्यातला नंबर एकच आहे ना? भोगवटा प्रमाणपत्रात पार्किंगचा तो मजला आला आहे ना? मेकॅनिकल असेल तर यंत्र चालवून दाखवायला सांगा.

फरक आढळला तर ताब्याच्या पावतीवर तिथेच लिहा आणि फोटो काढा. "नंतर बघू" म्हणून कोरी सही केली, तर तक्रारीत तीच सही तुमच्याविरुद्ध दाखवली जाते. बांधकामातले दोष, म्हणजे बेसमेंटची गळती वगैरे, ताब्यापासून पाच वर्षांत कळवले तर ते दुरुस्त करण्याची जबाबदारी कलम १४ नुसार बिल्डरची असते.

टप्पा ७: सोसायटीची पहिली सभा

सोसायटी झाली की पहिल्या सर्वसाधारण सभेत पार्किंगची नोंदवही मंजूर करून घ्या: कुठला नंबर कुणाचा, करारनाम्यानुसार की सोसायटीने दिलेला. उघड्या जागा सोसायटीच्या हातात येतात. नमुना उपविधींत ७८ व्या उपविधीपासून पुढे पार्किंगचे नियम आहेत. जागा कमी आणि अर्जदार जास्त असतील तर चिठ्ठ्या टाकून वाटप करायचं. एका सभासदाला साधारण एकच जागा. शिल्लक असेल तरच दुसरी, आणि तीही ठरावीक मुदतीसाठी. जो आधी राहायला आला त्याने कायमची धरली, ही पद्धत पहिल्याच वर्षी मोडा. पाच वर्षांनी ती मोडता येत नाही.

पाहुण्यांच्या जागेवर सभासदांच्या दुसऱ्या गाड्या उभ्या राहू देऊ नका. दुसऱ्या गाडीचं शुल्क पहिल्यापेक्षा जास्त ठेवा. ते अन्यायाचं नाही. जागा सगळ्यांची आहे. त्याच सभेत बसथांबा गेटजवळ हलवावा किंवा फेऱ्या वाढवाव्यात यासाठी पीएमपीएमएल किंवा आपल्या शहराच्या परिवहन सेवेकडे ठराव पाठवा, आणि मागच्या बाजूला पायी जाणाऱ्यांसाठी छोटं गेट उघडता येईल का ते पाहा. त्या गेटमुळे थांबा जवळ आला, तर काही घरांची दुसरी गाडी आपोआप टळते.

पुनर्विकासातल्या सभासदांसाठी

क्रम तोच, वेळ मात्र आधीची. ४ जुलै २०१९ च्या शासन निर्णयातली सहकारी संस्था कायद्याच्या कलम ७९अ ची कार्यपद्धती पाळताना पार्किंगची अट निविदेतच घाला: जुन्या सभासदांना किती जागा, कुठल्या मजल्यावर, साध्या की मेकॅनिकल. बिल्डर निवडल्यावर मागाल तर खालच्या सोयीच्या जागा विक्रीच्या फ्लॅटना जातात आणि जुन्या सभासदांच्या वाट्याला यंत्राचा वरचा पाळणा येतो. कायमस्वरूपी पर्यायी जागेच्या करारात प्रत्येकाचा नंबर असावा. आज ज्यांच्याकडे गाडी नाही त्यांचाही.

बिनसलंच तर

बिल्डरशी वाद असेल तर आधी लेखी नोटीस द्या. मग महारेराच्या सलोखा मंचाकडे किंवा रेराच्या कलम ३१ खाली तक्रार करा. वाटपाचा वाद सोसायटीशी असेल तर महारेराकडे जाऊ नका. तो उपनिबंधक किंवा सहकार न्यायालयाकडचा विषय आहे. दोन्हीकडे लागतात ती कागदपत्रं सारखीच: मंजूर नकाशा, जोडपत्रासह करारनामा, पैसे दिल्याच्या पावत्या, ताब्याच्या दिवशीचे मापांसकट फोटो आणि माहितीपत्रक. माहितीपत्रक फेकू नका. जाहिरातीतल्या खोट्या विधानावर विसंबून नुकसान झालं, तर कलम १२ खाली भरपाई मागता येते. "स्थानक पाच मिनिटांवर" आणि "प्रत्येकाला पार्किंग" ही दोन्ही वाक्यं बहुधा त्यातच छापलेली असतात.